ओवी, जाते आणि माध्यमप्रकार

माध्यमप्रकार : आशय ज्या वाटेने मनापर्यंत अथवा यंत्रापर्यंत पोहोचतो ती वाट. शास्त्रीय लेखनात यासाठी ‘मोडॅलिटी’ ही संज्ञा रूढ आहे. मानसशास्त्रात ती दृष्टी, श्रवण, स्पर्श, गंध व रस या संवेदनांच्या प्रकारांना लावतात. भाषाशास्त्रात तिचे दोन अर्थ होतात : भाषा बोललेली, लिहिलेली की हातांच्या खुणांनी केलेली हा भेद, तसेच वाक्यातून व्यक्त होणारी आज्ञा, इच्छा, शक्यता वा अट. संगणकशास्त्रात, विशेषतः मशीन लर्निंग अर्थात यंत्रशिक्षण या शाखेत, मजकूर, ध्वनी, चित्र, चलच्चित्र इ. सामग्रीच्या प्रकारांना ही संज्ञा लावली जाते. हे सर्व अर्थ एकाच वस्तूच्या आधारे तपासावयाचे झाल्यास परभणी जिल्ह्यातील जात्यावरील ओवीचा इतिहास विशेष उपयोगी पडतो. ही ओवी हात, कान आणि श्वास यांच्या एकत्र व्यापारातून जन्मली आणि पुढे हस्तलिखित, छापील पुस्तक, ध्वनिफीत व संगणकीय संग्रह अशी रूपे घेत आजच्या यंत्रांच्या उंबरठ्याशी येऊन पोहोचली. प्रत्येक स्थित्यंतरात तिचे काही टिकले, काही गळाले. जे गळाले त्याचा हिशेब घेतल्याखेरीज यंत्राला मराठी ‘येते’ या विधानाचा नेमका अर्थ लावता येत नाही.

एका वस्तूचे ज्ञान अनेक इंद्रियांनी होत असता ती एकच वस्तू आहे हे कळते कसे, हा प्रश्न भारतीय दर्शनांत जुना आहे. न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायाचा प्रारंभच त्यापासून होतो. जे डोळ्यांनी पाहिले तेच हाताने स्पर्शिले, असा प्रत्यय येतो. डोळ्याला स्पर्श कळत नाही आणि त्वचेला रूप कळत नाही. म्हणून दोहोंहून वेगळा असा कोणी ज्ञाता मानावा लागतो, असा तेथील युक्तिवाद आहे. आत्म्याची सिद्धी हा त्याचा हेतू होता. तथापि इंद्रिये भिन्न आणि विषय एक, ही अडचण त्यात जितक्या स्वच्छपणे मांडली आहे तितकी ती नंतरच्या पुष्कळ ग्रंथांत आढळत नाही. यूरोपात हाच प्रश्न आयरिश विचारवंत विल्यम मोलिनो याने १६८८ मध्ये जॉन लॉकला लिहिलेल्या पत्रात वेगळ्या रूपाने विचारला. जन्मांध मनुष्य घन आणि गोल स्पर्शाने ओळखतो. त्याला दृष्टी आली तर तो केवळ पाहून त्यांतील भेद सांगू शकेल काय? लॉकने आपल्या प्रबंधाच्या १६९४ च्या दुसऱ्या आवृत्तीत या प्रश्नाला जागा दिली आणि मोलिनोप्रमाणेच नकारार्थी उत्तर दिले. प्रयोगाने त्याचा निर्णय होण्यास तीन शतके लागली, आणि तो भारतात झाला. जन्मतः मोतीबिंदू असलेल्या मुलांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’ या उपक्रमात पवन सिन्हा व त्यांचे सहकारी यांनी पाच मुले तपासली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, हाताने ओळखलेली वस्तू दृष्टी येताच डोळ्यांनी ओळखणे त्या मुलांना जमले नाही; परंतु थोड्याच दिवसांच्या अनुभवानंतर ते जमू लागले. इंद्रियांमधील दुवा उपजत मिळत नाही, तो सहवासाने जुळतो, असा याचा अर्थ घेतला जातो. संवेदनांच्या संदर्भात ‘मोडॅलिटी’ हा शब्द रूढ करण्याचे श्रेय जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्स याला देतात. एकाच इंद्रियातील तांबडे-निळे यांसारखे भेद आणि रंग-स्वर यांसारखे भिन्न इंद्रियांतील भेद एकाच जातीचे नव्हेत, हे त्याने १८७८ मध्ये दाखविले : तांबड्यापासून निळ्यापर्यंत पायरीपायरीने जाता येते, रंगापासून स्वरापर्यंत तसे जाता येत नाही.

परभणीच्या घरांत मात्र स्पर्श आणि स्वर यांच्यामध्ये असा पूल रोज पहाटे बांधला जात असे. जिल्ह्यातील मुख्य अन्नधान्य ज्वारी. ज्वारीचे पीठ फार दिवस ठेवले की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना चिरते. त्यामुळे दळण थोडे थोडे आणि वारंवार करावे लागे. फिरते जाते दख्खनमध्ये सातवाहनकाळापासून वापरात असल्याचे उत्खननांवरून दिसते. खालचा दगड स्थिर, वरचा खुंट्याने फिरणारा, मध्ये खीळ. स्त्रिया समोरासमोर बसून एकाच खुंट्याला हात घालीत. एकीने ओढायचे, दुसरीने लोटायचे, आणि मोकळ्या हाताने तोंडात वैरण घालायची. वैरण संपत आली की दगडावर दगड घासून आवाज कर्कश होतो, ती पडली की तो दबतो. पीठ जाडेभरडे की बारीक हे चिमटीत घेऊन कळते. जात्याला टाकी लावण्याची वेळ आली हे हाताला लागणाऱ्या जोरावरून ओळखतात. म्हणजे कान, हात आणि दंड हे तेथे परस्परांस सतत बातमी देत असतात. ओवीची चाल या फेऱ्यावरच बेतलेली असते. चरणाचे तुकडे श्वासाच्या लांबीचे असतात, जोर पडतो तेथे अक्षर लांबते, आणि दोघींपैकी एकीने चरण उचलला की दुसरी तो पुरा करते किंवा तिची ओवी संपताच आपली जोडते. ‘जात्यावर बसले की ओवी सुचते’ ही म्हण मराठीत सर्वत्र प्रचलित आहे. ती सहसा निकड आली की उपाय सापडतो अशा अर्थाने वापरतात. परंतु तिचा शब्दशः अर्थही खराच आहे. ओव्या गोळा करणाऱ्यांना असा अनुभव येतो की, अंगणात वा ओसरीवर बसवून ओवी ‘सांगा’ म्हटले तर पाठ असलेली ओवीही अडते, आणि हातात खुंटा येताच ती सुरू होते. स्मृती येथे डोक्यात जितकी असते तितकीच खांद्यात असते.

या गाण्याचा जुना लेखी पुरावा संस्कृतात आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास (११२९) या ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात असा उल्लेख येतो. उल्लेख कांडण्याचा आहे, दळण्याचा नव्हे, ही गोष्ट अनेकदा दुर्लक्षिली जाते. मुसळाच्या उभ्या ठेक्याची आणि जात्याच्या गोल फेऱ्याची लय एक नाही, आणि बाराव्या शतकातील ओवी आजच्या जात्यावरील ओवीसारखीच गायली जात होती असे त्यावरून ठरविता येत नाही. मात्र ओवी हा श्रमाच्या हालचालीला बांधलेला गीतप्रकार होता, एवढे त्यातून निःसंशय कळते. पुढे तेराव्या शतकात ज्ञानेश्वरांनी (१२९०) याच नावाचा छंद तत्त्वचिंतनासाठी योजिला, तेव्हा ओवीची एक शाखा ग्रंथाची झाली. दुसरी स्वयंपाकघरातच राहिली.

परभणी जिल्ह्यातील गोदाकाठच्या गंगाखेड येथे जन्मलेली जनाबाई (मृत्यू परंपरेनुसार १३५०) या दोन शाखांच्या सांध्यावर उभी आहे. लहानपणीच ती पंढरपुरास दामाशेटी यांच्या, म्हणजे नामदेवांच्या घरी आली आणि तेथे दासी म्हणून राबली. दळण, कांडण, झाडलोट, शेणी वेचणे ही तिची कामे. तिच्या अभंगांत ती कामे प्रतिमा म्हणून नव्हे, तर प्रसंग म्हणून येतात. विठ्ठल स्वतः येऊन तिच्याबरोबर जाते ओढतो, ही तिच्याविषयीची सर्वांत लोकप्रिय कथा. पंढरपूरजवळील गोपाळपूर येथे तिचे म्हणून एक जाते दाखविले जाते. ही कथा भक्तिमाहात्म्याची म्हणून सांगितली जाते. परंतु तिच्यातील व्यवहाराकडेही पाहण्यासारखे आहे. जात्यावर समोर दुसरे माणूस लागते. एकटीच्या वाट्याला आलेल्या दळणात समोरची जागा रिकामी राहते, आणि तीच जागा देवाने घेतली आहे. ज्याला उद्देशून ओवी गायची तो श्रोता आणि ज्याच्याबरोबर खुंटा ओढायचा तो सहकारी या दोन भूमिका तेथे एक झाल्या. जनाबाईचे अभंग लिहून कोणी घेतले या प्रश्नालाही वारकरी परंपरेने असेच उत्तर दिले : चोखामेळ्याचे अनंतभट्टाने, जनीचे प्रत्यक्ष पांडुरंगाने. गाणारी आणि लिहिणारा या दोन व्यक्ती असतात, आणि उच्चारलेले अक्षरात उतरविणे हे स्वतंत्र, मानाचे व काहीसे संशयास्पद कर्म आहे, याची जाणीव या कथांमागे दिसते. तिची सु. साडेतीनशे पदे नामदेवांच्या गाथेत समाविष्ट होऊन टिकली. चाली टिकल्या त्या भजनी मंडळांत आणि जात्यांवर; गाथेत त्यांना जागा नव्हती.

निजामी राजवटीत या जिल्ह्यातील मराठी प्रामुख्याने कानाने जगली. हैदराबाद संस्थानात राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. मराठी शाळा थोड्या, छापखाने त्याहून थोडे, आणि स्त्रियांना अक्षरओळख क्वचितच. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषापाहणीने मराठीवरील खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध केला. पण हैदराबाद संस्थान या पाहणीच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आले होते. त्यामुळे मराठवाड्यातील बोलींचे त्या काळचे शास्त्रीय नमुने पुणे, कोकण वा वऱ्हाडच्या मानाने अगदी तुटपुंजे आहेत. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, तेव्हा येथील मराठीचा मोठा साठा कागदावर नव्हता. तो घराघरांतील स्त्रियांच्या तोंडी होता, आणि तो म्हणण्याचे निमित्त असलेले जाते तेव्हा मोडीत निघण्याच्या बेतात होते.

ओव्या पुस्तकात आणण्याचे काम महाराष्ट्रात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वाढीस लागले. साने गुरुजींचे स्त्रीजीवन हे त्यातील विशेष वाचले गेलेले पुस्तक. १९५६ मध्ये शासनाने लोकसाहित्य समिती नेमली, चिं. ग. कर्वे यांच्यानंतर सरोजिनी बाबर यांनी तिचे काम दीर्घकाळ चालविले आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेली सामग्री अनेक पुस्तकांतून प्रसिद्ध केली. या कार्याचे ऋण मोठे आहे. तरीही छापील ओवी आणि गायिलेली ओवी या एक नव्हेत. छापील ओवी दोन ओळींची, वाचावयास काही क्षण पुरणारी. तीच गाताना अर्धचरण पुन्हा घेतात, मध्ये ‘बाई’, ‘गं’, ‘माझ्या’ असे शब्द भरतात, कधी पहिली ओळ दुसरीनंतर परत येते, आणि दोन ओव्यांच्या मध्ये केवळ जात्याची घरघर चालू राहते. संकलक ही पुनरुक्ती गाळतात, कारण कागदावर ती अर्थहीन दिसते. त्याचबरोबर उच्चारही शुद्धलेखनाच्या साच्यात बसविले जातात. ‘येळ’चे ‘वेळ’ होते, ‘इस्तू’चा ‘विस्तव’, ‘व्हतं’चे ‘होते’. अर्थाला धक्का लागत नाही, परंतु मात्रा मात्र बदलतात, आणि दुरुस्त ओवी जात्यावर नीट बसत नाही असे आढळते.

आणखी एक हानी कमी ध्यानात येते. ‘मोडॅलिटी’चा व्याकरणातील अर्थ येथे पुढे येतो. मो. के. दामले यांनी शास्त्रीय मराठी व्याकरणात (१९११) आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ यांची सविस्तर चर्चा केली आहे. मराठीतील ‘-वा’ हा एकच प्रत्यय कर्तव्य, इच्छा आणि अनुमान अशी निरनिराळी कामे करतो : ‘त्याने जावे’, ‘पाऊस पडावा’, ‘तो पोहोचला असावा’. साधा भविष्यकाळही असाच लवचिक आहे. ‘भाऊ न्यायला येईल’ हे खात्रीचे विधान असू शकते, आशा असू शकते, किंवा इतक्या दिवसांत आला नाही ही तक्रारही. बोलताना स्वर आणि दीर्घत्व हे काय ते ठरवितात; कागदावर तिन्ही सारखी दिसतात. जात्यावरील ओवी बहुतांशी इच्छा, आर्जव, आशीर्वाद आणि उलाहना यांनी भरलेली आहे. माहेर, भाऊ, लेक, सासुरवास हे तिचे नित्य विषय. आणि जे सासूला वा नवऱ्याला सांगता येत नाही ते जात्याला उद्देशून सांगण्याची तिच्यात सोय आहे. म्हणून तिचा सूर काढून घेतला की कथन उरते, परंतु कथनाची रीत नाहीशी होते. आशेची ओवी आणि आशा सुटल्याची ओवी एकाच शब्दांत असू शकतात.

विजेवर वा तेलावर चालणारी पिठाची गिरणी गावोगाव पोहोचली तशी जाती कोपऱ्यात गेली. स्त्रियांच्या कष्टांच्या दृष्टीने हा बदल इष्टच होता. जात्याविषयी हळहळणाऱ्या लेखकांपैकी फारच थोड्यांनी रोज पहाटे दोन तास दळले असेल. ओव्या मात्र त्यांच्या निमित्तासह हरपू लागल्या. या सुमारास पुण्यात समाजशास्त्रांतील सहकारी संशोधनासाठी काम करणाऱ्या केंद्रात हेमा राईरकर (मृत्यू २०१०) आणि मूळचे फ्रेंच असलेले गी प्वातव्हाँ (१९३४–२००४) यांनी एक मोठे संकलन आरंभिले. मुळशी भागातील गरीब डोंगरी संघटनेच्या कामातून ते उगवले आणि पुढे राज्यभर पसरले. सुमारे १ लाख १० हजार ओव्या, १ हजाराहून अधिक गावे आणि ३ हजारांहून अधिक गायिका असा त्याचा विस्तार आहे. स्टोनमिल अँड भक्ती (१९९६) या त्यांच्या इंग्रजी पुस्तकात जात्यावरील भक्ती ही संतांच्या ग्रंथांतील भक्तीची पडछाया नसून स्त्रियांनी स्वतंत्रपणे घडविलेली दृष्टी आहे, असे मत मांडले आहे. जनाबाईच्या जिल्ह्याला हे मत जवळचे वाटावे असे आहे.

विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात या संकलनाला ध्वनिमुद्रणाची जोड मिळाली. ते काम प्रामुख्याने बर्नार बेल यांनी केले. बेल हे संगणक आणि संगीत यांच्या सीमेवर काम करणारे संशोधक. त्यांनी जेम्स किपेन यांच्यासमवेत १९८० नंतरच्या दशकात ‘बोल प्रोसेसर’ हा कार्यक्रम रचला होता, आणि तबल्यातील कायदे व पलटे यांचे नियम यंत्राला शिकविण्याचा तो प्रयत्न होता. ही पार्श्वभूमी येथे अप्रस्तुत नाही. तबल्याचे बोल हे हाताच्या आघाताला दिलेले तोंडी नाव असते. ‘धा’ म्हटले की हात कोठे पडायचा ते कळते. हाताचा व्यापार, कानाला येणारा नाद आणि मुखाने उच्चारलेले अक्षर यांची अशी घट्ट जोड ज्यांनी अभ्यासिली, ते ओवीकडे केवळ मजकूर म्हणून पाहणे संभवनीय नव्हते. परभणी जिल्ह्यातील ताडकळस येथील गायिकेचे गाणे याच काळात ध्वनिमुद्रित झाले. तिच्या ओव्या पुढे विशेष गाजल्या आणि या संकलनाची ओळख म्हणून वारंवार उल्लेखिल्या गेल्या.

संगणकीय संग्रहात प्रत्येक ओवीला क्रमांक, गायिकेचे नाव, गाव आणि विषयाचे वर्गीकरण देण्यात आले. ध्वनिमुद्रणे शंभराहून अधिक तासांची आहेत. ओव्यांची एकूण संख्या पाहता ती थोडीच म्हणावी लागतात. बहुसंख्य ओव्या केवळ मजकूर म्हणूनच शिल्लक आहेत. पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने २०१७ पासून हे भांडार आवाज, मराठी मजकूर, इंग्रजी अनुवाद, छायाचित्रे आणि चलच्चित्रे यांसह प्रकाशित करण्यास प्रारंभ केला. त्यासाठी काही गावांना पुन्हा भेटी देऊन मूळ गायिकांना शोधण्यात आले. एकदा विलग झालेले माध्यमप्रकार पुन्हा एकमेकांशेजारी ठेवण्याचा हा मराठीतील एक लक्षणीय प्रयत्न होय.

यंत्रशिक्षणातील माध्यमप्रकारांचा प्रश्न नेमका याच ठिकाणी भिडतो. यंत्राला शब्द, स्वर वा रूप यांपैकी काहीच थेट मिळत नाही. त्याला संख्या मिळतात. मजकुराचे लहान तुकडे करून प्रत्येकाला संख्यांची एक ओळ दिली जाते. ध्वनीचे सेकंदाच्या सु. शंभराव्या भागागणिक पृथक्करण करून कोणत्या कंपनसंख्येत किती ऊर्जा आहे ते नोंदले जाते. चित्राचे चौकोनी तुकडे पाडले जातात. हेल्महोल्ट्सने सांगितलेली दरी येथे एका अर्थी नाहीशी होते, कारण सर्वच संख्या आहेत. दुसऱ्या अर्थी ती कायम राहते, कारण ध्वनीच्या संख्या आणि अक्षरांच्या संख्या यांत आपणहून काहीच साम्य नसते. त्यांना जोडण्यासाठी यंत्रापुढे जोड्या ठेवाव्या लागतात : हा आवाज आणि हे त्याचे शब्द, हे चित्र आणि ही त्याची ओळ. योग्य जोडीच्या संख्या जवळ याव्यात आणि अयोग्य जोडीच्या दूर जाव्यात असे बदल यंत्र पुनःपुन्हा करते. ओठांची हालचाल आणि आवाज एकत्र शिकविण्याचे प्रयोग २०११ च्या सुमारास गाजले. मनुष्यही ओठ पाहून ऐकतो, हे मॅकगर्क व मॅकडोनल्ड यांनी १९७६ मध्येच दाखविले होते. २०२१ मध्ये ओपनएआय या संस्थेने प्रसिद्ध केलेला ‘क्लिप’ हा नमुना महाजालावरील ४० कोटी चित्र-मजकूर जोड्यांवर घडविलेला होता. २०२३ पासून मजकूर, चित्र व ध्वनी एकत्र हाताळणारी यंत्रे सर्वसामान्यांच्या वापरात आली.

न्यायसूत्रकारांनी पाहिलेले आणि स्पर्शिलेले एकच आहे हे जाणणारा ज्ञाता मागितला होता. यंत्राच्या बाबतीत ते काम जोड्या जमविणारा करतो. म्हणून जोडी कोणी, कशाची आणि कोणत्या सामग्रीतून जमविली हा केवळ तांत्रिक तपशील राहत नाही. मराठीपुरते पाहता या सामग्रीचा कल स्पष्ट आहे. चेन्नईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील ‘एआयफोरभारत’ या गटाने तयार केलेला ‘श्रुतिलिपी’ हा १२ भारतीय भाषांतील सु. ६,४०० तासांचा संग्रह आकाशवाणीच्या बातमीपत्रांतून काढलेला आहे; वार्तापत्राची लिखित संहिता आणि तिचे वाचन अशी तयार जोडी तेथे मिळते. मेटा या कंपनीने २०२३ मध्ये ११०० हून अधिक भाषांसाठी जाहीर केलेल्या वाणी-नमुन्यांचा मुख्य आधार नव्या कराराचे ध्वनिमुद्रित वाचन हा होता. दोन्ही ठिकाणी मराठी वाचलेली आहे, बोललेली नव्हे. मजकूर आधी, आवाज नंतर असा क्रम तेथे आहे; ओवीत तो नेमका उलट असतो. केंद्र शासनाचा २०२२ पासूनचा ‘भाषिणी’ उपक्रम आणि उत्स्फूर्त बोलण्याचे जिल्ह्याजिल्ह्यांतून होणारे नवे संग्रह यांनी ही उणीव काही अंशी भरून येत आहे. तरी ताडकळस वा गंगाखेडच्या वृद्धेच्या बोलण्यातील ‘इस्तू’ यंत्राला कळेल की ते त्याचे दुसरेच काही करील, हे अशा संग्रहांच्या व्याप्तीवर अवलंबून आहे. ज्या भाषिकांची भाषा मुख्यतः तोंडी आहे त्यांनाच पीकविमा, बाजारभाव, शिधापत्रिका यांसाठी बोलून उत्तर देणाऱ्या यंत्राची खरी गरज असते. आणि त्यांचीच भाषा त्याने सर्वांत कमी ऐकलेली असते.

ओवीच्या ध्वनिमुद्रणात आणखी एक अडचण उपस्थित होते. वाणी ओळखणाऱ्या यंत्रणांत आवाज स्वच्छ करणे ही नित्याची पायरी आहे. बोलण्यावाचून जे काही ऐकू येते त्याला गोंगाट समजून दाबले जाते. जात्याची घरघर सलग, खालच्या पट्टीतील आणि मोठी असल्याने ती प्रथम जाते. पण घरघर हाच या गाण्याचा ताल आहे. ती काढल्यावर अक्षर लांबले का, मध्ये थांबा का पडला, वैरण घालताना ओळ का तुटली, याचे कारणच उरत नाही. पुनरुक्तीचेही तसेच होते. पुन्हा आलेले शब्द ही चूक समजून गाळण्याची सवय अनेक यंत्रणांना असते. कागदावरील संकलकाने जे केले तेच यंत्र अधिक वेगाने करते. उलट मुद्रणातील घरघर, गायन आणि मजकूर यांची क्षणाक्षणाची जुळणी करून ठेवल्यास एका फेऱ्यात किती अक्षरे बसतात, समोरची स्त्री चरण कोठे उचलते, एका गावाची चाल दुसऱ्या गावात कशी बदलते, अशा आजवर केवळ जाणकाराच्या कानावर सोडलेल्या गोष्टी मोजता येतील. त्यासाठी लागणारी जोडी हाताने लावावी लागते, आणि ती लावू शकणाऱ्या म्हणजे स्वतः दळलेल्या स्त्रिया आता वार्धक्यात आहेत. दंडाला लागणारा जोर मात्र कोणत्याच फितीवर नाही. स्पर्श हा माध्यमप्रकार यंत्रशिक्षणात अद्याप प्रयोगशाळेतील यांत्रिक हातांपुरताच मर्यादित आहे.

घरोघरची जाती गेली असली तरी लग्नघरात ते आजही मांडले जाते. हळद दळण्याच्या विधीसाठी त्याला हळदकुंकू लावून हळकुंड बांधतात, आणि सुवासिनी खुंट्याला हात घालतात. दळणे काही फेऱ्यांचेच असते, कारण नवरदेव-नवरीला लावण्याची हळद सहसा बाजारातून तयार आणलेली असते. ओव्या कोणाला येतात याची विचारणा होते आणि एखादी मावशी वा आजी पुढे बसते. भोवतीच्या मुली मोबाइलवर त्याचे चित्रण करतात. आवाज, घरघर, हात आणि समोरची जोडीदारीण या चित्रणांत एकत्र येतात. ती बहुधा घरच्या फोनमध्येच राहतात, आणि गाव, गायिका वा ओवी यांची कोणतीही नोंद त्यांच्यासोबत केली जात नाही.